मोजक्या मेमरीत चित्र : एम्बेडेड ग्राफिक्सच्या अभ्यासाची प्रस्तावना

दूध संकलन केंद्रावर फॅट आणि लिटर दाखवणारे यंत्र, दवाखान्यात सलाइनचा वेग सांभाळणारा पंप, लिफ्टमधला मजल्याचा आकडा, शेताच्या बांधावर उभ्या केलेल्या हवामान केंद्राचा छोटा पडदा. या सगळ्यांच्या मागे संगणक असतो, पण त्याला कोणी संगणक म्हणत नाही. त्याला कीबोर्ड नसतो, माउस नसतो, बहुतेक वेळा मोठी ऑपरेटिंग सिस्टिमही नसते. एक चिप, तिच्यात थोडीशी मेमरी, आणि जन्मभर एकच काम. अशा प्रणालींना एम्बेडेड प्रणाली म्हणतात. त्यांच्या पडद्यावर अक्षर, बटण, आलेख, चित्र उमटवणारा जो सामाईक कोड असतो, ती ग्राफिक्स लायब्ररी. ती कशी बांधतात, कशी वापरतात, आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला असला की शिकणाऱ्याच्या हाती नेमके काय येते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयात शिरणाऱ्याने सुरुवातीलाच एक हिशेब कागदावर मांडावा. बाजारात सहज मिळणारा रंगीत पडदा ३२० बाय २४० बिंदूंचा असतो. म्हणजे ७६,८०० बिंदू, ज्यांना आपण पिक्सेल म्हणतो. एका पिक्सेलच्या रंगाला दोन बाइट धरले, तर पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. आता चिपकडे पाहू. एसटीएम३२ कुळातली एफ१०३सी८ ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या हातात असलेली चिप. तिची रॅम २० किलोबाइट, म्हणजे २०,४८० बाइट. चित्र रॅमच्या बरोबर साडेसात पट मोठे आहे. त्यात आणखी सेन्सरचे आकडे, फंक्शनांचा स्टॅक, हे सारे त्याच २० किलोबाइटमध्ये राहायचे आहे.

हा सगळा विषय त्या साडेसात पटीतून जन्माला आला आहे. मोठ्या संगणकावर ग्राफिक्स शिकताना आपण ‘काय काढायचे’ असे विचारतो. इथे पहिला प्रश्न असतो, ‘काय काढायचे नाही’, आणि दुसरा, ‘काय साठवायचे नाही’. चांगली एम्बेडेड ग्राफिक्स लायब्ररी ही प्रामुख्याने अशा नकारांची विचारपूर्वक केलेली रचना असते. हे एकदा ध्यानात आले की तिच्या कोडमधल्या, वरवर विचित्र दिसणाऱ्या बहुतेक गोष्टींचा अर्थ लागतो. आणि ते नकार कोणी, कुठे, कशासाठी दिले हे आपल्याला ओळ न ओळ वाचता येते, कारण कोड खुला आहे. मला या क्षेत्राचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते हेच.

ही टंचाई नवी नाही. आजच्या प्रत्येक लायब्ररीत रेषा काढणारे जे फंक्शन असते, त्याच्या मुळाशी जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत शोधलेली रीत आहे. त्यांच्यासमोर १४०१ हा संगणक होता आणि त्याला जोडलेला कॅलकॉम्पचा प्लॉटर. १९६५ साली ती रीत आयबीएमच्या नियतकालिकात छापून आली. तिचे सौंदर्य असे की तिरपी रेषा काढताना तिच्यात अपूर्णांक येत नाहीत, भागाकारही येत नाही. पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि एका आकड्याचे चिन्ह पाहणे, एवढ्यावर काम भागते. साठ वर्षांनंतरही ती टिकून आहे, कारण कॉर्टेक्स-एम० या आजच्या लहान प्रोसेसरमध्ये भागाकाराची सूचनाच नाही. भागाकार हवा असेल तर तो सॉफ्टवेअरने करावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत मोजावी लागते. पुढे १९७५ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये डॅन इंगल्स यांनी बिटब्लिट घडवले. पडद्यावरचा एक आयत उचलून दुसरीकडे ठेवण्याची, ठेवताना जुन्या बिट्सशी त्याचा मेळ घालण्याची ती क्रिया होती. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अर्धपारदर्शक चित्रे एकावर एक ठेवण्याचे गणित नेटके मांडले. रेषा, आयत, पारदर्शकता : आपल्या लायब्ररीच्या तळघरात हेच तीन खांब सापडतील. विद्यार्थ्याने ते मूळ लेख जमेल तेव्हा जरूर वाचावेत. ते लहान आहेत आणि आजही स्वच्छ वाचता येतात.

आता या खांबांवर उभ्या असलेल्या घरांकडे वळू. मुक्तस्रोत लायब्ऱ्या पुष्कळ आहेत. या पुस्तकात आपण प्रामुख्याने तिघींची सोबत घेणार आहोत, आणि तिघींची निवड त्यांच्या नकारांमुळे केली आहे.

पहिली यू८जी२. ऑलिव्हर क्राउस यांची ही लायब्ररी एकरंगी पडद्यांसाठी आहे. १२८ बाय ६४ बिंदूंच्या छोट्या ओएलईडी पडद्याचे पूर्ण चित्र १,०२४ बाइटमध्ये मावते. आर्डुइनो उनोवर मात्र एकूण रॅम २,०४८ बाइट, म्हणजे निम्मी जागा चित्रानेच खाल्ली. म्हणून यू८जी२ पानांची पद्धत देऊ करते. पडद्याचे आठ आडवे पट्टे पाडायचे, एका वेळी एकाच पट्ट्यासाठी १२८ बाइट ठेवायचे, आणि चित्र काढण्याचा तोच कोड आठ वेळा चालवायचा. दर फेरीत त्या पट्ट्यात पडणारा भाग तेवढा उमटतो, बाकीचा गाळला जातो. वेळ देऊन जागा विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. त्यातून एक मजेदार दोषही निपजतो. चित्र काढण्याच्या त्या फेऱ्यांच्या आतच कोणी तापमापकाचा आकडा वाचला, तर तो आठ वेळा वाचला जातो. मधल्या फेरीत तापमान २७ वरून २८ वर गेले, तर मोठ्या अक्षरातल्या आकड्याचा वरचा भाग सात दिसतो आणि खालचा आठ. उपाय सोपा आहे : आकडा आधी वाचून बाजूला ठेवायचा आणि मग चित्र काढायला घ्यायचे. पण मापन वेगळे, चित्रण वेगळे ही शिस्त इतक्या स्पष्टपणे डोळ्यांना दाखवून देणारे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

दुसरी अ‍ॅडाफ्रूट जीएफएक्स. नव्या पडद्यासाठी ती आपल्याकडून एकच गोष्ट मागते : एक पिक्सेल रंगवणारे फंक्शन. ते लिहून दिले की रेषा, वर्तुळे, त्रिकोण, अक्षरे सगळे आपोआप चालू लागते. शिकवण्यासाठी याहून चांगली रचना सापडणे कठीण. पण तिथेच थांबले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. आयएलआय९३४१ हा अशा रंगीत पडद्यांवरचा फार प्रचलित नियंत्रक. त्याला एक पिक्सेल रंगवायला सांगायचे तर आधी स्तंभ कुठून कुठपर्यंत ते कळवायचे, एक बाइट आज्ञा आणि चार बाइट मजकूर. मग ओळी कुठून कुठपर्यंत, पुन्हा पाच बाइट. मग ‘आता लिही’ ही एका बाइटची आज्ञा आणि शेवटी रंगाचे दोन बाइट. दोन बाइटच्या रंगासाठी तारेवरून तेरा बाइट गेले. म्हणून कोणताही जाणता ड्रायव्हर आयत भरण्याचे फंक्शन स्वतंत्रपणे लिहितो : चौकट एकदाच कळवायची आणि मग रंगांची धार सोडायची. पडदा हळू चालतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याचा कोड मी प्रथम याच ठिकाणी उघडून पाहतो.

तिसरी एलव्हीजीएल, आणि पुस्तकाचा मोठा भाग तिच्याभोवती आहे. हंगेरीतले गाबोर किश-वामोशी यांनी ती २०१६ मध्ये सुरू केली. पूर्वी ती लिटलव्हीजीएल या नावाने ओळखली जाई. आज जगभरातले लोक तिच्यात भर घालतात. ती सी भाषेत लिहिलेली आहे. बटण, यादी, सरकपट्टी, आलेख, मजकुराची चौकट असे तयार घटक ती देते. प्रत्येक घटक दुसऱ्या एखाद्याचे अपत्य असतो, आणि असा एक वृक्ष तयार होतो. आठव्या आवृत्तीपासून घटकांची मांडणी आपोआप करण्याच्या दोन रीतीही तिच्यात आल्या. २०२४ च्या सुरुवातीला नववी आवृत्ती आली. वर उल्लेखलेल्या २० किलोबाइटच्या चिपवर ती बसवण्याचा हट्ट धरू नये, ती चिप तिला फार तोकडी पडते. ५२० किलोबाइट रॅम असलेल्या ईएसपी३२ वर मात्र ती मोकळेपणाने वावरते.

एलव्हीजीएलमध्ये बटणावर बोट पडते तेव्हा काय घडते, ते जरा जवळून पाहू. बटण १०० बाय ४० बिंदूंचे आहे असे समजा. स्पर्श होताच बटणाची अवस्था बदलते, त्याचा रंग गडद व्हायला हवा. पण लायब्ररी लगेच काहीही रंगवत नाही. ती फक्त एक आयत नोंदवून ठेवते : ‘इथले चित्र आता खरे राहिले नाही’. त्याच क्षणी शेजारचा आकडाही बदलला तर त्याचाही आयत नोंदला जातो. दोन आयत जोडून लहानसा एकच आयत होणार असेल तर ते जोडले जातात. मग ठरावीक काळाने, नवव्या आवृत्तीत मुळात ३३ मिलिसेकंदांनी, लायब्ररी ही नोंदवही उघडते. नोंदलेल्या आयतात वृक्षातले कोणकोणते घटक येतात ते शोधते. वरच्या अपारदर्शक घटकाने जे पूर्ण झाकले आहे ते सोडून देते, आणि उरलेले एका छोट्या बफरमध्ये रंगवते. बफर पूर्ण पडद्याएवढा नसतो. पडद्याच्या एक दशांश एवढा असला तरी काम चालते. आपल्या पडद्यासाठी ते २४ ओळी, १५,३६० बाइट इतके झाले. मोठा आयत असेल तर तो तुकड्यातुकड्यांनी भरला जातो. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी पाडून ती भिंतीवर सरकवत नेली आणि खिडकीतून दिसेल तेवढीच भिंत रंगवली, तसे हे काम चालते.

भरलेला बफर पडद्याकडे पाठवण्याची जबाबदारी आपली. लायब्ररी आपल्या फंक्शनला तीन गोष्टी देते : कोणता पडदा, कोणता आयत, आणि रंग कुठे ठेवले आहेत. आपण नियंत्रकाला चौकट कळवायची, डीएमए या हार्डवेअरला बाइट वाहून न्यायला सांगायचे, आणि काम झाल्यावर ‘झाले’ असे लायब्ररीला कळवायचे. दोन बफर दिले तर एक तारेवरून जात असताना प्रोसेसर दुसरा रंगवतो. आता हिशेब पाहा. चिप आणि पडदा यांना जोडणारी एसपीआयची तार ४० मेगाहर्ट्झने चालवली तर पूर्ण पडदा पाठवायला जवळजवळ ३१ मिलिसेकंद लागतात. त्या बटणाचे ८,००० बाइट मात्र १.६ मिलिसेकंदात जातात. वापरणाऱ्याला पडदा चपळ वाटतो तो या फरकामुळे. प्रोसेसर वेगवान आहे म्हणून नव्हे, तर पडद्याचा जवळजवळ ९५ टक्के भाग कोणी हलवलाच नाही म्हणून. नवशिक्यांनी अख्ख्या पडद्यावर सरकती, विरघळती दृश्ये आणण्याचा मोह टाळावा असे मी आग्रहाने सांगतो. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला ती फार क्वचित उपयोगी पडतात, आणि ही सगळी काटकसर ती एका फटक्यात उधळून लावतात.

रंगांबद्दल दोन गोष्टी, कारण पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण तिथे अडखळतो. दोन बाइटमध्ये लाल रंगाला पाच बिट, हिरव्याला सहा, निळ्याला पाच मिळतात. हिरव्याला एक जास्त, कारण आपला डोळा हिरव्यातले बारीक फरक अधिक टिपतो. आता आपली चिप दोन बाइटच्या आकड्यातला खालचा बाइट मेमरीत आधी ठेवते, तर पडदा वरचा बाइट आधी मागतो. बाइटांची ही अदलाबदल करायची राहिली की शुद्ध लाल पडद्यावर निळसर दिसतो, हिरवा लालसर होतो आणि निळा हिरवा. काळा आणि पांढरा मात्र जसेच्या तसे राहतात. त्यामुळे पांढऱ्यावर काळी अक्षरे काढून तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे काढूनच पडद्याची पहिली तपासणी करावी.

दुसरी गोष्ट पारदर्शकतेची. गोल कोपऱ्याच्या किंवा अक्षराच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेच्या पिक्सेलमध्ये दोन रंग मिसळावे लागतात. लाल, हिरवा, निळा यांचे गुणाकार वेगवेगळे केले तर काम तिप्पट होते. मुक्तस्रोत कोडमध्ये यावर एक युक्ती सापडते आणि ती मला अजूनही आनंद देते. सोळा बिटांचा रंग बत्तीस बिटांच्या आकड्यात असा पसरवायचा की हिरवा वरच्या अर्ध्यात जाईल, लाल आणि निळा खालच्या अर्ध्यात राहतील, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर किमान पाच बिटांची मोकळी जागा उरेल. मग मिश्रणाचे प्रमाण ० ते ३२ या मापात धरून एकच गुणाकार करायचा. तिन्ही रंगांचे गुणाकार एकाच वेळी होतात. ओसंडणारे बिट त्या मोकळ्या जागेत राहतात, शेजारच्या रंगात शिरत नाहीत. शेवटी पाच घरे सरकवून मोकळी जागा पुसून टाकली की उत्तर तयार. ही चार ओळींची गोष्ट आहे. विकत घेतलेल्या बंद लायब्ररीत ती आपल्याला कधीच दिसली नसती, फक्त तिचा वेग दिसला असता.

इथे परवान्याचा विषय ओघानेच येतो, आणि तो कंटाळवाणा समजून कोणी ओलांडू नये. एलव्हीजीएल एमआयटी परवान्याखाली आहे. कोड वापरा, बदला, विकायच्या यंत्रात घाला, फक्त हक्काची आणि परवान्याची सूचना सोबत ठेवा, एवढीच तिची अट. यू८जी२ आणि अ‍ॅडाफ्रूट जीएफएक्स बीएसडी परवान्याखाली आहेत, त्याही जवळजवळ तितक्याच उदार. याउलट एलजीपीएल परवान्याची लायब्ररी घेतली तर ती बदलून पुन्हा जोडण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. मोठ्या संगणकावर हे सोपे असते, कारण तिथे लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये राहते. मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र सगळा कोड जुळवून एकच प्रतिमा फ्लॅशमध्ये बसवलेली असते, त्यामुळे ती अट पाळणे जड जाते. लहान यंत्रांच्या जगात उदार परवान्यांच्या लायब्ऱ्या जास्त का रुजल्या, याचे एक मोठे कारण मला यात दिसते. हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यायचा असतो. यंत्र विक्रीला निघाल्यावर नव्हे.

खुल्या लायब्ररीची एक अडचणही स्पष्ट सांगितली पाहिजे. ती वाढते, आणि वाढताना मोडते. एलव्हीजीएलच्या सातव्या आवृत्तीसाठी लिहिलेला कोड आठव्यात जसाच्या तसा चालत नाही, आठव्याचा नवव्यात चालत नाही. फंक्शनांची नावे बदलली, पडद्याची नोंदणी करण्याची रीत बदलली. घरातला मोबाइल आपण काही वर्षांत बदलतो, पण कारखान्यातले यंत्र दहा-पंधरा वर्षे चालायचे असते. म्हणून लायब्ररीची नेमकी आवृत्ती आपल्या प्रकल्पासोबत जपून ठेवावी, आणि ती का निवडली हे चार ओळींत लिहून ठेवावे. बदल चांगल्या कारणांसाठी होतात, हे मी त्या प्रकल्पातल्या चर्चा वाचून सांगतो. पण चांगले कारण आपल्या यंत्राला उपयोगी असेलच असे नाही.

वेळेचा आणि व्यत्ययांचा (इंटरप्टचा) विषय पुस्तकात सविस्तर आहे, इथे फक्त इशारा देतो. एलव्हीजीएल एकाच वेळी अनेक धाग्यांतून बोलावलेली सहन करत नाही. तिला काळ किती सरला हे आणि बफर पाठवून झाला हे कळवण्याचे काम व्यत्ययातून करता येते, पण बाकी कोणतेही फंक्शन तिथून बोलावू नये. सेन्सरच्या व्यत्ययातून थेट पडद्यावरचा आकडा बदलणारा कोड प्रयोगशाळेत दिवसभर चालतो आणि ग्राहकाकडे गेल्यावर आठवड्यातून एकदा थिजतो. असे दोष शोधण्यात माणसे महिने घालवतात.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. सी भाषेतले पॉइंटर आणि स्ट्रक्ट यांची ओळख हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चक्कर मारली तर ईएसपी३२ आणि पडदा दोन्ही मिळतील. तेही जमत नसेल तर एलव्हीजीएल साध्या संगणकावर, खिडकीतल्या खोट्या पडद्यावर चालते. पुस्तकातली बरीचशी उदाहरणे तिथे करून पाहता येतात, आणि तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ती तशीच करावीत. खेचून-सोडून पडदा तयार करणारी साधने आज उपलब्ध आहेत. ती वापरायला माझी ना नाही, पण पहिले काही दिवस त्यांच्या वाटेला जाऊ नये. आधी स्वतःच्या हाताने एक पिक्सेल पेटवावा, मग एक आयत, मग एक अक्षर.

अक्षर म्हटले की आपल्यापुढे या क्षेत्रातले एक मोठे काम उभे राहते. या प्रस्तावनेचा उरलेला भाग मी त्यासाठी राखून ठेवला आहे.

लहान लायब्ऱ्यांची अक्षरे काढण्याची सोपी रीत अशी असते : मजकुरातला एक संकेतांक घ्या, त्याचे चित्र तक्त्यातून शोधा, काढा, त्याच्या रुंदीइतके उजवीकडे सरका, पुढचा संकेतांक घ्या. इंग्रजीला हे पुरते. आता वीजमीटरच्या पडद्यावर ‘शिल्लक’ हा शब्द हवा आहे. युनिकोडमध्ये तो सहा संकेतांकांचा आहे : श, पहिली वेलांटी, ल, हलन्त, ल, क. सोप्या रीतीने काढला तर आधी श उमटतो, मग त्याच्या उजवीकडे वेलांटी. ती पुढच्या ल वर चढल्यासारखी दिसते. मग पाय मोडलेला ल, मग आणखी एक ल. वाचणाऱ्याला तो शब्द मराठी वाटत नाही. बरोबर काढायचे तर वेलांटी श च्या आधी न्यावी लागते, हलन्ताने जोडलेल्या पहिल्या ल चे अर्धे रूप शोधावे लागते. या कामाला अक्षरजुळणी म्हणता येईल. मोठ्या संगणकांवर हार्फबझसारखी मुक्तस्रोत लायब्ररी ते करते.

मराठीची स्वतःची अशी एक जास्तीची गाठ आहे. हवामान केंद्राच्या पडद्यावर ‘सूर्योदय’ आणि ‘वाऱ्याचा वेग’ या दोन ओळी एकाखाली एक हव्यात. दोन्हीत र आणि य यांचा जोड आहे. पहिल्यात र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो पापणीसारखी आडवी रेघ होऊन य च्या डावीकडे येतो. हिंदीचा विचार करून लिहिलेल्या जुळणीत हा दुसरा र अनेकदा विसरला जातो. शिवाय मराठी वाचकाच्या सवयीचे ल आणि श यांचे वळण हिंदीतल्यापेक्षा वेगळे आहे. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, पण भाषा मराठी आहे असे सांगितल्याशिवाय योग्य वळण बाहेर येत नाही.

या प्रश्नाचा आपल्याकडे इतिहास आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांच्या घडणीवर आपले नाव कमावले. वाचकाला हवे ते वळण धातूत उतरवण्याचे काम तिथल्या कारागिरांनी केले. पुढे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि त्यातून जिस्ट कार्ड घराघरांतल्या नव्हे पण कचेऱ्यांतल्या संगणकांत पोहोचले. संगणकाला जे जमत नव्हते ते त्याच्या पोटात बसवलेले वेगळे कार्ड करत असे. देवनागरीची जुळणी मोजक्या साधनांत बसवण्याचा तो प्रयत्न आपल्या विषयाचा थेट पूर्वज आहे. युनिकोडमधला देवनागरीचा विभाग ज्या भारतीय मानकावर बेतला, त्या इस्कीचे कामही याच परंपरेतले. मंगल हा फाँट प्रा. र. कृ. जोशी यांनी मुंबईत घडवला. मुंबईच्याच एक टाइप या गटाचा मुक्त हा फाँट आज खुल्या परवान्याखाली कोणालाही वापरता येतो.

लहान चिपवर हे बसवण्याचे तीन मार्ग आहेत. पडद्यावरची वाक्ये ठरलेली असतील तर जुळणी आपल्या संगणकावर आधीच करून घ्यावी आणि चिपमध्ये फक्त चित्रांचे क्रमांक व त्यांच्या जागा साठवाव्यात. दूधयंत्र किंवा लिफ्ट यांना एवढे पुरेसे आहे, आणि मी बहुतेकांना हाच मार्ग सुचवतो. मेमरी मुबलक असेल तर हार्फबझच चिपवर न्यावी. तिसरा मार्ग मधला आहे : फक्त मराठीला लागणारे नियम घेऊन एक छोटी जुळणी लिहायची. जागेचा अंदाज घ्यायचा तर २४ बाय २४ च्या चौकटीत एका चित्राला प्रत्येक पिक्सेलमागे चार बिट धरले की २८८ बाइट होतात. अर्धी रूपे आणि जोडाक्षरे धरून ३०० चित्रे घेतली तर ८६,४०० बाइट लागतात. एकरंगी कडा चालत असतील तर २१,६०० मध्ये भागते. ही रॅम नव्हे, फ्लॅश. म्हणजे आकडा आवाक्यातला आहे.

या तिसऱ्या मार्गावर काम करायला माणसे हवी आहेत, आणि त्या सगळ्यांना सी यायला हवी असे नाही. एलव्हीजीएलसारख्या प्रकल्पात तपासणी चित्रांनी होते : कोड एक दृश्य काढतो, ते आधी मान्य केलेल्या दृश्याशी पिक्सेलनिहाय ताडून पाहिले जाते. फरक पडला की तपासणी नापास. मराठी जुळणीसाठी असाच संच लागेल. त्यात वाऱ्या आणि सूर्य यांसारख्या जोड्या हव्यात, किल्ल्या, स्त्रिया, राष्ट्र, ज्ञान, कृषी, हृदय यांसारखे शब्द हवेत, ॲ आणि ऑ असलेले बँक, ऑइल, ॲसिड हवेत. प्रत्येक शब्दाचे चित्र बरोबर आहे की नाही हे सांगणारा डोळा हवा. मुद्रितशोधन करणाऱ्याला, फाँट घडवणाऱ्याला, मराठी शिकवणाऱ्याला ते काम प्रोग्रामरपेक्षा चांगले जमेल. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अशा शब्दांचा पहिला संच दिला आहे, आणि त्यात भर घालण्याची रीतही तिथेच सांगितली आहे.